निशाणी बांगडी

"इंगवले बाई, ह्या बाईला अंगठा कधी फुटला?"

ऑडिटला आलेल्या सरनोबत साहेबांनी हे इतक्या सहज विचारलं की मला आधी वाटलं, थट्टाच करताहेत. आमच्या किरकोळ पेटीच्या पावत्या त्यांनी टेबलावर दोन रांगांत मांडल्या होत्या, दुपारी पत्ते लावत बसल्यासारख्या. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात बशी. चहा ते बशीतूनच पीत.

"कुठल्या बाईला, साहेब?"

"बायनाबाई सिदू गोंजारी. दर पंधरा दिवसांनी चौदा रुपये. कुष्ठधामाला जायचं-यायचं एसटी भाडं." त्यांनी भिंग वरच्या रांगेवर ठेवलं. "ह्या तुमच्या आधीच्या जोगळेकरांच्या पावत्या. ह्यांच्यावर खाली काय दिसतंय?"

मी वाकून पाहिलं. चार्ज घेतला त्या दिवशीही हेच पाहिलं होतं. प्रत्येक पावतीच्या खालच्या कोपऱ्यात एक गोल डाग.

"कपाचा डाग आहे, साहेब. जोगळेकर कप ठेवत असतील पावतीवर."

"निळा चहा प्यायचे का जोगळेकर?"

त्यांनी गठ्ठ्यातून सगळ्यात जुनी पावती काढली आणि माझ्यापुढे सरकवली. सहा वर्षांपूर्वीची. तिच्यावरही तसाच गोल होता आणि त्याच्याखाली जोगळेकरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'लाभार्थीच्या दोन्ही हातांस अंगठे नाहीत, सबब निशाणी बांगडी.'

"माझ्या आजीच्या खरेदीखतावर आहे अशी," सरनोबत साहेब म्हणाले. "पूर्वी सही न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर आणि बाईमाणसाची बांगडी. जोगळेकर जुन्या वळणाचे. बाईची बांगडी पॅडवर टेकवली, पावतीवर उठवली, झालं काम. आता ही खालची रांग बघा. अठ्ठावीस पावत्या, तुमच्या काळातल्या. सगळ्यांवर कसा स्वच्छ अंगठा. म्हणून विचारतो, कधी फुटला?"

मी माझा डावा अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली घेतली.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीच्या डिसेंबरातली. वडगिरी नगरपरिषदेत समाजकल्याण विभाग म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट, यादवमामा शिपाई आणि मी. मी चोवीस वर्षांची, बी.कॉम., नोकरीला चौदा महिने झालेले आणि अजून कायम न झालेली. घरात पगार माझ्या एकटीचाच. आमच्या ताब्यात एक पत्र्याची पेटी होती. कागदोपत्री तिचं नाव 'स्थायी अग्रिम', पण सगळे तिला किरकोळ पेटीच म्हणत. तिच्यात दोनशे रुपये असायचे. बेवारस प्रेताला कापड घ्या, चुकलेल्या म्हातारीला तिच्या गावच्या एसटीत बसवून द्या, कुणाच्या चष्म्याची काच बदला, सगळं त्या दोनशे रुपयांत. संपले की पावत्या लावून पुन्हा दोनशे भरून घ्यायचे. पावतीवर घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा हवा आणि पैसे ज्याच्या हातून पोचले त्याचं नाव 'हस्ते' म्हणून हवं. बायनाबाईच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पावत्यांवर लिहिलं होतं: हस्ते या. भि. खरात. म्हणजे आमचे यादवमामा. अक्षर माझं.

"ह्या पावत्या बाहेर तिच्याकडे कोण न्यायचं?" साहेबांनी विचारलं.

त्या पावत्या कधीच बाहेर गेल्या नव्हत्या. माझ्या टेबलावरून त्या थेट फाइलला लागल्या होत्या. हे सांगायला मला फार तर दोन वाक्यं लागली असती.

"खरात," मी म्हटलं.

सरनोबत साहेबांनी मामांना हाक मारली. मामा येऊन उभे राहिले. खाकी सदरा, टोपी हातात, चेहऱ्यावर नेहमीची झोप. त्यांना निवृत्तीला पाच महिने राहिले होते. ऑडिटर हाक मारतो म्हणजे चहा सांगायचा असणार, असंच त्यांना वाटलं असावं.

"खरात, ह्या बाईचे पैसे तुमच्या हातून जातात?"

"व्हय साहेब. मीच देतो."

"पोचतात?"

"म्हंजे?"

"तिला अंगठा नाही आणि पावतीवर अंगठा आहे. मग हा कुणाचा? अंगठा बारीक आहे, बाईमाणसाचा दिसतो. घरी कोण असतं तुमच्या?"

मामांना समजायला थोडा वेळ लागला. मग मात्र समजलं. "मंडळी अन् मी," ते म्हणाले. "मंडळी कधी हापिसात आली न्हाई, साहेब."

"पावती घरी जाऊ शकते ना? तीनशे ब्याण्णव रुपये आहेत, फार नाहीत. पण खोटा अंगठा हा खोटा अंगठा. वसुली लागेल, चौकशी लागेल आणि तोवर पेन्शनचे कागद हलायचे नाहीत." साहेब दुष्टपणे नव्हते बोलत, हवामान सांगावं तसं सांगत होते. "ती बाई आता कधी येईल?"

"सोमवारी."

"मग सोमवारी तिलाच विचारू."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टॅम्पपॅडचं झाकण लावत होते. ते लागलेलंच होतं, तरी लावत होते.

आता ते कसं झालं ते सांगते. त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

चार्ज घेतला त्याच्या पहिल्याच सोमवारी यादवमामा आत येऊन म्हणाले, "बाई, बायना आलीया. भाड्याचं पैसं." मी खिडकीतून पाहिलं. ऑफिसच्या पायऱ्यांवर खाली एक म्हातारी बसली होती. पायांना चिंध्या, डोक्यावरून पदर, नाक बसलेलं. हात पदराच्या आत. मी खिडकीपासून मागे सरले. लहानपणी आमच्या गल्लीत असा कुणी आला की आई दार लावून घ्यायची. ते दार माझ्या आत तसंच लागलेलं होतं, त्याला बी.कॉम.ने काही झालं नव्हतं.

आणि गंमत बघा, माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर 'कुष्ठरोग औषधाने बरा होतो, रुग्णाला दूर लोटू नका' असं मोठ्या अक्षरातलं पोस्टर होतं. आदल्या आठवड्यात मीच ते खळ लावून चिकटवलं होतं, कोपरेसुद्धा नीट दाबून.

मी चौदा रुपये काढून टेबलाच्या कडेला ठेवले. मामा म्हणाले, "बाई, तिची जरा अडचन झालीया या वक्ताला. निशाणीचं..."

"पावती बाहेर न्यायची नाही," मी म्हटलं.

"न्हाई, मी काय म्हनतो, जोगळेकर साहेब सोता बाहेर येऊन निशाणी घ्यायचे. तवा तुमी जरा..."

"मामा, पैसे देऊन टाका. पावतीचं मी बघते. निशाणी नको नि काही नको."

"पन बाई..."

"म्हटलं ना, मी बघते!"

मामा पैसे घेऊन बाहेर गेले. मला त्या कागदाला तिचा हात लागायला नको होता. तोच कागद परत माझ्या टेबलावर येणार, माझ्या फाइलला लागणार, मी त्याला टाचणी टोचणार. मी पॅड उघडलं, डावा अंगठा टेकवला आणि पावतीवर उठवला. शेजारी लिहिलं, 'निशाणी अंगठा, बायनाबाई सिदू गोंजारी'. मग मागच्या नळावर जाऊन हात धुतले. लाल साबणाची वडी मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलेली असे. शाई जाईपर्यंत घासले आणि शाई गेल्यावरही घासले.

मनाशी म्हटलं, पैसे तर पोचले ना? मग अंगठा कुणाचा का असेना.

पुढच्या खेपेला विचारही करावा लागला नाही. दर दुसऱ्या सोमवारी मामा पैसे न्यायचे, बायनाबाईच्या पदराच्या टोकाला बांधून गाठ मारून द्यायचे. गाठसुद्धा हेच मारून देतात, किती लाड, असं मी खिडकीतून बघत म्हणायची. तिला गाठ का मारता येत नसावी, हे चौदा महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. तिचे हात मी कधी पाहिलेच नव्हते. मामा परत यायचे तेव्हा मी नळावर असायची. ते माझ्या अंगठ्याकडे बघायचे. एकदा फक्त म्हणाले, "लई चिवट हाय न्हाई ही शाई, बाई?" मी म्हटलं, "हो ना."

शुक्रवारी साहेबांनी विचारलं आणि शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस होतं. बारा वाजता सगळे निघून गेले. मामा खिडक्या लावत होते. मी रात्रभर झोपले नव्हते आणि त्या रात्रीत मी एक युक्ती शोधून काढली होती. ती सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

"मामा," मी म्हटलं, "सोमवारी तुम्ही काय सांगणार?"

"खरं ते सांगनार. पैसं मी दिलं."

"आणि अंगठ्याचं?"

"त्ये अजून नीट कुनी ईचारलंच न्हाई मला."

"विचारतील ना." मी जवळ गेले. आवाज खाली आणला. "साहेबांना आपणहूनच वाटतंय की तो अंगठा तुमच्या घरच्यांचा आहे. तुम्ही हो म्हणालात तर... म्हणजे सांगायचं, बायनाबाईला अंगठा नाही, पावतीला तर पाहिजे, म्हणून मंडळींचा घेतला. पैसे पोचलेत हे ती सांगेलच. तुम्हाला काय होणार आहे? पाच महिने राहिलेत. फार तर ताकीद देतील. माझी तर अजून नोकरी कायम नाही, मामा. मला सरळ घरी पाठवतील. आमच्या घरात दुसरं कुणी नाही मिळवतं."

मामांनी खिडकीची कडी लावली. मग ती नीट लागली का, हे हलवून पाहिलं.

"माझी मंडळी कदी हापिसात आली न्हाई, बाई," ते म्हणाले.

"अहो, ते माहीत आहे मला. पण नुसतं म्हणायचंय."

"पस्तीस वर्सं झाली मला हितं. तिला मी एकदा म्हनलं हुतं, ये की बगायला, खुर्च्या लई चांगल्या आल्यात. तर म्हनली, मला काय करायचंय त्या खुर्च्यांशी." ते स्वतःशीच थोडे हसले. मग टोपी घातली. "बगू सोमवारी."

"म्हणजे सांगाल ना?"

"बगू म्हनलं न्हवं."

किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते निघून गेले. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी जाऊन पोटभर जेवले मी त्या दिवशी.

सोमवारी साडेअकराला बायनाबाई आली. नेहमीच्याच पायरीवर, खालून दुसऱ्या, बसली. सरनोबत साहेब उठले. मला वाटलं, तिला आत बोलावतील, पण ते स्वतःच बाहेर गेले आणि धोतर सावरून तिच्या वरच्या पायरीवर बसले. मामा खाली उभे राहिले. मी दारात, चौकटीला धरून.

"बायनाबाई, मी हिशेब तपासायला आलोय. तुम्हाला भाड्याचे पैसे मिळतात का?"

"मिळत्यात की. चौदा रुपये." आवाज घोगरा, पण मोकळा होता. "ह्यो यादव पदरात बांदून देतो. एस्टीत कंडाक्टर गाठ सोडून घेतो. मागच्या बाकड्यावर बसवतो, पर बसवतो. बरा हाय बिचारा."

"दर खेपेला मिळाले? एकदाही चुकले नाहीत?"

"एकदा चुकलं. तवा मीच आली न्हवती. पाय सुजला हुता. फुडच्या वक्ताला यादवनं दोनी खेपंचं आनून दिलं."

साहेबांनी मान हलवली. मामांच्या खांद्यावरचा बोजा थोडा उतरल्यासारखा दिसला. पण साहेबांच्या हातात पावती होतीच.

"हात बघू तुमचे."

तिने हात पदरातून बाहेर काढले. मी पहिल्यांदा पाहिले. बोटांची थोडी थोडी खुंटं उरली होती. अंगठ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती. मनगटं मोकळी होती.

"बांगडी कुठाय? जोगळेकरांना तर बांगडीची निशाणी देत होतात."

"फुटली न्हवं, साहेब. मालक गेला माजा. गेल्या सालच्या पितरपाटात."

गेल्या सालचा पितृपंधरवडा. त्यानंतर दसऱ्याला मी चार्ज घेतला. आणि 'बाई, तिची जरा अडचन झालीया' असं मामा म्हणाले होते, ते मी पुरं करू दिलं नव्हतं.

साहेबांनी पावती तिच्यासमोर धरली. "मग ही निशाणी कुणाची, बायनाबाई? हा अंगठा कुणाचा?"

मामा एक पाऊल पुढे आले. टोपी काढली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "साहेब, मी सांगतो. त्यो अंगठा आमच्या..."

"ह्या बायचा," बायनाबाई म्हणाली. आणि तिने आपला तो हात सरळ माझ्याकडे केला.

मी चौकट घट्ट धरली. संपलं, असं वाटलं. नोकरी गेली, अब्रू गेली. तिला कुणी सांगितलं, कसं कळलं, हे डोक्यात यायच्या आतच ती पुढे बोलत होती.

"मालक गेला तवा मला रडायला बी सवड गावली न्हाई बगा, साहेब. येकच घोर लागला. आंगठा तर न्हाई, आता बांगडी बी न्हाई. सरकारला वळख काय दावायची? जोगळेकर बी गेलं. नवी बाय शिकल्याली, ती काय म्हनंल, न्हाई निशानी तर न्हाई पैसं. पैसं न्हाईत तर दवाखाना न्हाई. पाय सडून मरायचं. तवा यादवला म्हनलं, तू आदी जाऊन ईचार बाबा, मला धीर हुईना. त्यो आत गेला. मी हितंच बसली हुती, ह्याच पायरीवर, देवाचं नाव घेत. तर ह्यो पैसं घिऊन आला अन् म्हनला, बायना, काळजी करू नगं. बाय म्हनल्या, निशानी नगं नि काय नगं. अन् फुडच्या खेपंला सांगितलं, तुज्या जागी त्येनीच आपला आंगठा लावलाय."

ती थांबली. पदराने नाक पुसलं.

"ह्यो रोग लागला तवा माज्या आईनं माजा हात सोडला, साहेब. मी अकरा वर्सांची. तवापासनं मालक, जोगळेकर अन् ह्यो यादव सोडला तर कुनी जवळ आलं न्हाई. अन् ही कोन कुठली, वळख ना पाळख, हिनं आपला आंगठा दिला मला. गुन्ना असंल तर त्यो माजा हाय. हिला काय करू नगा."

मी मामांकडे पाहिलं. मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

त्यांनी माझा एकेक शब्द तिला जसाच्या तसा सांगितला होता. निशाणी नको नि काही नको. फक्त मी ते कशासाठी म्हटलं, तेवढं ते तिला बोलले नव्हते.

सरनोबत साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर एकदम मऊ झाली होती, आणि तेच मला सोसवेना.

"इंगवले बाई, असं आहे का?"

मामांनीही वर पाहिलं. बायनाबाई तर बघतच होती. तिघांचे सहा डोळे. 'नाही साहेब, असं नाही,' एवढं म्हणायचं होतं. मला तिची किळस आली म्हणून मी अंगठा लावला. तिला अंगठे नाहीत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, कारण मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही. आणि हा माणूस आता खोटं बोलायला पुढे सरला होता, तो माझ्यासाठी. शनिवारी मी त्याच्या बायकोचा अंगठा मागितला म्हणून.

"हो, साहेब," मी म्हटलं.

"मग शुक्रवारीच सांगायचं होतंत! बिचाऱ्या खरातांना उगीच दोन दिवस घोर."

"भीती वाटली, साहेब."

"वाटणारच. नियमात बसत नाहीच हे," साहेब उठत म्हणाले. "पण नियम करणाऱ्यांनी तरी कुठे असा हात पाहिलाय! मी आक्षेप काढून टाकतो. इथून पुढे निशाणी नको, दोघा साक्षीदारांच्या सह्या घ्या. एक तुमची, एक खरातांची." आत जाता जाता ते माझ्याशेजारी थांबले. "माझी मुलगी तुमच्या वयाची आहे. तिला सांगेन मी हे."

आणि त्यांनी नुसतं मुलीलाच नाही, सगळ्यांना सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, चहाच्या वेळी अख्ख्या ऑफिसला सांगितलं. मार्चमध्ये मी कायम झाले. माझ्या गोपनीय अहवालात 'गोरगरिबांविषयी विशेष कणव' असा शेरा पडला, आणि त्या शेऱ्यावर पुढे मला दोन बढत्या मिळाल्या. सव्वीस जानेवारीला नगराध्यक्षांनी नारळ आणि शाल दिली. ती शाल आई थंडीत पांघरायची. यादवमामांचे पेन्शनचे कागद वेळेवर गेले. निरोप समारंभाला त्यांची मंडळी आली होती. पहिल्यांदाच. मामांनी तिला खुर्च्या दाखवल्या, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या आमच्या बाई." तिने मला वाकून नमस्कार केला. मी करू दिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी साहेब आत गेल्यावर मीही वळणार होते, तेवढ्यात बायनाबाईने हाक मारली.

"बाय, बगू तरी त्यो आंगठा. चौदा म्हैनं माज्या नावावर राबतोय. मी अजून बगितला बी न्हाई."

ती हसत होती. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती.

मी पायऱ्या उतरले. पाच पायऱ्या होत्या. मी दोन उतरले आणि तिथूनच वाकून डावा हात पुढे केला. आणखी एक पायरी उतरायचं मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण पाय उचलला नाही.

बायनाबाईने माझ्या पायांकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात पदराच्या आत घेतले, पार कोपरापर्यंत, आणि लांबूनच मान पुढे करून बघितलं.

"बारीक हाय की गं," ती म्हणाली. "बास. दिसला. जा तू, काम असंल तुला."

मामांनी तिच्या पदरात पैसे बांधले. मी आत आले. ड्रॉवर उघडला, साबण घेतला, मागच्या नळावर गेले. नळाला पाणी नव्हतं. मी तिथेच उभी राहून कोरड्या हातांवर साबण घासत राहिले. मला कळत होतं मी काय करतेय, पण हात थांबत नव्हते. तिने मला शिवलेलंसुद्धा नव्हतं.

मागून पावलं वाजली. यादवमामा रांजणातला तांब्या भरून घेऊन आले होते. ते माझ्या हातांवर धार धरून उभे राहिले. मी मान खाली घालून हात चोळत होते. तांब्या रिकामा होत आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "गेली का शाई, बाई?"

"गेली," मी म्हटलं.

त्या दिवशी माझ्या अंगठ्याला शाई लागलेलीच नव्हती.